पैलवानाचे पान

मला गावात ‘पैलवान’ म्हणत. मी आयुष्यात एकदाही लंगोट लावून आखाड्यात उतरलेलो नाही. पण कोल्हापूरकडे अंगाने भरलेल्या पोराला हाक मारायची ही रीतच आहे, आणि त्या हाकेत टिंगल कमी व मान अधिक असतो. आमचे आजोबा मात्र खरोखरच लाल मातीत खेळलेले होते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या आणि १९१२ साली सुरू झालेल्या खासबाग मैदानात आपण कुस्ती मारल्याचे ते सांगत. पण त्या कुस्तीपेक्षा तिच्यासाठी खाल्लेल्या खुराकाचे वर्णन अधिक रंगवून करत. त्यांच्या पश्चात आमच्या घरातून कुस्ती गेली, खुराक तेवढा राहिला. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर, म्हशीची धार समोर काढून दिलेले दूध दहावीच्या सुट्टीत मी एका बैठकीला किती प्यालो, ही गोष्ट आबा, म्हणजे माझे थोरले चुलते, आजही सांगतात आणि दर वर्षी त्या गोष्टीत एक पेला वाढतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, वयाच्या ४६व्या वर्षी, मी पुण्यात वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. तेव्हा माझे वजन १३४ किलो होते, मधुमेह होता आणि रात्री झोपेत श्वास अडकत असल्यामुळे नाकावर यंत्राचा मुखवटा बांधून झोपावे लागत होते. शस्त्रक्रियेचे नाव स्लीव्ह. दुर्बिणीतून जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग कापून काढतात आणि मागे केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी उरते, जिच्यात सुरुवातीला जेमतेम वाटीभर अन्न मावते. जठराच्या ज्या वरच्या फुगीर भागात भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः तयार होते, तो भागच निघून गेल्यामुळे निदान पहिले काही महिने भूकही मंदावते. डॉक्टरांनी हे सगळे कागदावर चित्र काढून नीट समजावले होते. माझ्या पोटावर माझ्याखेरीज आणखी किती लोकांचा हक्क आहे, हे काही त्या चित्रात नव्हते.

मी ही गोष्ट फक्त पत्नीला, मुलाला आणि धाकट्या भावाला सांगितली. बाकी सर्वांना ‘हर्नियाचे ऑपरेशन झाले’ असे कळवले. आज त्याचे कारण शोधू लागलो, तर ते आजोबांच्या तालमीपाशीच जाऊन पोहोचते. वजन उतरवायचे तर घाम गाळून उतरवावे, जोर-बैठका माराव्यात, तोंड आवरावे. भूल घेऊन टेबलावर आडवे पडायचे आणि बारीक होऊन उठायचे ही आमच्या घराच्या दृष्टीने नुरा कुस्ती, म्हणजे निकाल आधीच ठरवून खेळलेली. वीस वर्षांत चार वेळा मी १५-१५ किलो उतरवले होते आणि चारही वेळा ते व्याजासह परत आले होते, हे मला ठाऊक होते. तरीही मनातल्या आजोबांपुढे ती सबब टिकेना. म्हणून हर्निया.

पहिल्या आठवड्यांत लपवण्याचे कष्ट फारसे पडले नाहीत, कारण घराबाहेर पडायचेच नव्हते. आधी नुसते निवळ पाणी, शहाळे आणि वरणाचे गाळलेले पाणी, मग ताक, दूध आणि प्रोटीनची पावडर, मग मिक्सरमधून काढलेले, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे जेवण, अशा पायऱ्या होत्या. खोकल्याच्या औषधाबरोबर मिळते त्या प्लॅस्टिकच्या मापातून मी घोट घोट पीत असे. मऊ जेवण सुरू झाले त्या दिवशी आहारतज्ज्ञ बाईंनी लहान चमचा वापरायला सांगितला. घरातले सगळेच चमचे पोह्यांचे. पत्नीने कपाटाच्या आतल्या कप्प्यातून मुलाच्या उष्टावणाला मामाने दिलेली चांदीची वाटी आणि चमचा काढला, चिंच लावून घासला आणि माझ्यापुढे ठेवला. चमच्याच्या दांड्यावर मुलाच्या दुधाच्या दातांचे दोन बारीक खळगे होते. सत्तर किलोंचा झालेला तो मुलगा समोर बसून आमटी-भात ओरपत होता आणि मी त्याच्या चमच्याने मुगाचे घट्ट वरण खात होतो. आम्ही तिघेही हसलो, पण पत्नी जरा लवकर हसायची थांबली.

खरी परीक्षा मे २०२२ मध्ये गावच्या यात्रेला झाली. तोवर मी १०२ किलोवर आलो होतो. पटांगणात पंगत बसलेली, सुके मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी, कांदा-लिंबू, आणि वाढायला थोरली आई, म्हणजे आबांची पत्नी. माझी आई लवकर गेली, त्यामुळे मी तिच्याच हाताखाली वाढलो. यात्रेत ती नळीचे हाड दुसऱ्या कुणाच्या पानात जाऊ देत नाही. “घे की रं. लाजतोस काय? आपल्याच घरात हाईस न्हवं?” असे म्हणत तिने वाढले आणि मी खाल्ले. पहिला घास उतरला. दुसरा पुरेसा चावून झाला नव्हता, कारण आबांची दूध कट्ट्याची गोष्ट ऐन रंगात होती, आणि भोवती सगळे हसत असताना अर्धा-अर्धा मिनिट गंभीर चेहऱ्याने चावत बसणारा माणूस विचित्र दिसतो. तो घास छातीच्या हाडामागे येऊन बसला. ज्यांनी हे अनुभवलेले नाही त्यांना सांगायचे तर आतून कुणीतरी मूठ आवळून धरल्यासारखे होते, तोंडात लाळ दाटते, बोलता येत नाही, आणि पाणी पिऊन घास ढकलावा तर पाणीही वर येते. मी फोन आल्याचे निमित्त करून मागच्या गोठ्यात गेलो आणि म्हशीच्या दाव्याचा खुंट धरून पांढरा फेस ओकत उभा राहिलो. म्हैस रवंथ करीत माझ्याकडे बघत होती. चावण्याच्या बाबतीत ती माझ्यापेक्षा कितीतरी शिस्तीची होती.

परतलो तेव्हा थोरल्या आईने माझे पान दुसऱ्या ताटाने झाकून ठेवले होते. मी ‘पोट भरलं’ म्हणालो. तिने काही न बोलता ते ताट आत नेले आणि रात्री तेच गरम करून पुन्हा माझ्यापुढे ठेवले. पुन्हा मी दोन घासांवर उठलो. दुसऱ्या दिवशी मला धाकट्या भावाने जे सांगितले ते ऐकून माझ्या पायाखालची वाळू सरकली. त्या वर्षी आमच्या शेताच्या वाटणीचे बोलणे चालू होते. थोरल्या आईने त्याला रात्री बाजूला घेऊन विचारले होते, “वाटणीचं मनात धरलंय काय त्यानं? माझ्या हातचं पान सोडून उठतोय.”

भावकीत जेवण नाकारणे ही साधी गोष्ट नसते. ज्याच्याशी वाकडे आले त्याच्या घरचे पाणीही पिऊ नये, हे आम्ही न शिकवता शिकलेलो असतो. भांडण मिटले हेही कुणी तोंडाने सांगत नाही, एका पंगतीला बसले की ते मिटलेले असते. राग, माफी, मानपान, लाड, सगळे काही ताटातून बोलायचे. त्या भाषेत मी, माझ्या नकळत, फार कडवट असे एक वाक्य बोलून बसलो होतो, आणि खरे काय ते सांगायला माझ्याजवळ हर्नियाखेरीज शब्द नव्हता.

नियमच असे आहेत की त्यांतला जवळजवळ प्रत्येक नियम आपल्या पंगतीच्या आड येतो. जेवताना पाणी प्यायचे नाही, आधी व नंतर अर्धा तास थांबायचे. म्हणजे तांब्या-भांडे पुढे ठेवणाऱ्याला परत पाठवायचे. आधी प्रथिने खायची, म्हणजे भाताचा पहिला ढीग नाकारायचा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिने वाटीभर पोटात बसवायची असल्यामुळे अंडे, पनीर, डाळ, मासे यांचाच सतत हिशेब करायचा, आणि बी बारा, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या. पोट भरल्याची खूण पूर्वी ढेकर होती, आता नाक गळू लागते. खूण पटली की हातातला घासही खाली ठेवायचा, मग पानात काही उरो. ‘पानात टाकू नये’ हे ज्याने लहानपणी पाठीत धपाटे खाऊन शिकलेले आहे, त्याला हे शेवटचे फार जड जाते.

आणि गंमत अशी, की जे खावे ते अडते आणि जे खाऊ नये ते सुरळीत उतरते. मटण अडते, कोरडी चपाती अडते, कोंबडीचा कोरडा तुकडा तर हमखास अडतो. पण आइस्क्रीम, बासुंदी, आमरस कुठेही न थांबता खाली जातात. एका लग्नात मुलीच्या वडिलांनी हात धरून दोन जिलब्या भरवल्या आणि पंधरा मिनिटांत मला दरदरून घाम फुटला, छाती धडधडू लागली, मांडवाच्या मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीत अर्धा तास डोळे मिटून बसावे लागले. याला डंपिंग म्हणतात. जठराचा बायपास करून घेतलेल्यांना ते अधिक होते, पण आम्हा स्लीव्हवाल्यांनाही सुटका नाही. वरपक्षाकडच्या एका गृहस्थांनी त्याच वेळी माझ्या पत्नीला सांगितले, की यांचे हृदय एकदा दाखवून घ्या.

कार्यालयातल्या लोकांबद्दल फार लिहावे असे नाही. त्यांनी माझी स्तुती केली. फक्त एवढेच, की पूर्वी लिफ्टमध्ये मी शिरलो की वजनाच्या मर्यादेची पाटी मोठ्याने वाचणारा सहकारी आता माझ्यासाठी दार धरून उभा राहतो, आणि त्याचा हा नवा चांगुलपणा मला जुन्या विनोदापेक्षा अधिक झोंबतो. मित्रांच्या बैठका तर आपोआपच निकालात निघाल्या. या शस्त्रक्रियेनंतर दारू रक्तात फार लवकर आणि जास्त चढते, याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती. सोडा आणि थंड पेयांच्या वायूने पोट फुगते. मग ग्लासात काय घेऊन बसायचे, तर कोकम. दोन मित्र उरले. ते चालायला येतात.

पत्नीबद्दल मात्र थोडक्यात लिहिले तर तिच्यावर अन्याय होईल. आमच्या लग्नाला तेव्हा वीस वर्षे झाली होती, आणि त्या वीस वर्षांतला प्रत्येक रविवार सकाळच्या मिसळीने सुरू झाला होता. बोलण्यासारखे काही नसले तरी मिसळ असे. शस्त्रक्रियेनंतर पहिले सहा महिने तिने घरात फोडणीचा वास येऊ नये म्हणून स्वतःसाठी धड काही केले नाही, आणि माझ्या ते लक्षातही आले नाही. मी माझ्या ग्रॅममध्ये गुंतलो होतो. तिला भीती होती ती वेगळीच. मी जेवत असताना ती समोर बसून माझे घास मोजत असे. एकदा मी चिडून चमचा आपटला आणि म्हणालो, “मोजू नकोस, मी काय तान्हे मूल आहे?” ती म्हणाली, “अहो, पूर्वी तुमची झोप मोजत होते मी. श्वास थांबला की अंक मोजायचे, वीसपर्यंत पोचले की हलवायचे. ती सवय कुठे जाणार?” दोघांपैकी कुणालाच मग काही बोलता येईना.

तिच्या वाट्याला आणखी एक गोष्ट आली, जी मला दिसायला वर्ष लागले. ती स्वतः अंगाने थोडी भरलेली आहे. आम्ही जोडीने कुठे गेलो, की माझ्याकडे पाहून झाल्यावर नजरा तिच्याकडे वळत. “आता तुम्ही पण मनावर घ्या”, “नवरा बघा कसा कोवळा दिसतो, जपा” असे हळदीकुंकवाला तिला हसत हसत ऐकवले जाई. माझ्या उतरलेल्या प्रत्येक किलोचा टोमणा तिने सोसला. पुढे आम्ही रविवार पुन्हा सुरू केला, पण एकच मिसळ मागवून. तर्री आणि पाव तिचे, उसळ दोघांची, कांदा माझा. पहिल्या वेळी वेटरने दोन मिसळी आणल्या आणि एकच सांगितल्याचे कळल्यावर काउंटरकडे बघत ‘एकच’ असे जरा मोठ्याने म्हणाला. काउंटरवरचे मालक आम्हाला वीस वर्षे ओळखणारे. त्यांनी तब्येतीची चौकशी केली. हल्ली तेच उसळीची वाटी वेगळी, जादा भरून पाठवतात.

इकडे गावात वाटणीची शंका विरली, पण तिच्या जागी दुसरी आली. मी आणखी उतरलो, केस मूठमूठ गळू लागले (शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या वर्षात ते अनेकांचे गळतात आणि पुढे बहुधा परत येतात), गाल बसले, गळ्याखालची कातडी लोंबू लागली. हर्नियाने माणूस असा होत नाही, हे खेड्यातल्या माणसालाही कळते. कुणीतरी हलक्या आवाजात ‘मोठा आजार’ म्हणाले आणि तो शब्द घरोघर फिरला. मला कुणी विचारले नाही. अशा वेळी विचारत नाहीत. थोरल्या आईने मात्र जोतिबाला नवस बोलला, की पोराच्या अंगाची उतरण थांबू दे, तो स्वतः पायी डोंगर चढून तुझ्या दर्शनाला येईल. नवस तिचा आणि चढायचे मी, हीही आमच्याकडची रीत.

वजन ८८ किलोवर येऊन थांबले. २०२३च्या जानेवारीत तिचा फोन आला, “थांबलंय न्हवं? मग चल.” ती आबांबरोबर गाडीने वर गेली आणि मी भावाबरोबर पायथ्यापासून चालत निघालो. वाडी रत्नागिरीचा हा डोंगर मी शेवटचा चढलो होतो तो कॉलेजात असताना. वाटेत दोनदा थांबलो, तेही भाऊ दमला म्हणून. वर पोहोचलो तेव्हा थोरली आई कट्ट्यावर पुरणपोळीच्या नैवेद्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. माझा श्वास फुललेला नाही हे तिने आधी पाहिले आणि मग माझ्या कपाळाला गुलाल लावला. तो हात थरथरत होता. दर्शन झाल्यावर मी तिच्या शेजारी बसलो आणि आडपडदा न ठेवता सांगितले, की मला कसला मोठा आजार नव्हता, मी जाड होतो म्हणून पोट कापून लहान करून घेतले आहे.

ती बराच वेळ देवळाच्या शिखराकडे बघत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे यात्रंला माझ्या हातचं…”

“उतरत नव्हतं. गोठ्यात जाऊन ओकलो.”

“आणि मी रातच्याला पुन्यांदा तेच वाढलं.”

“व्हय.”

“आरं, पोटासंगं तोंड बी शिवलं हुतं काय डाक्टरनं?”

मला उत्तर नव्हते. तिला पोट कापल्याचे काही वाटले नव्हते; आपण मायेने वाढत होतो आणि ते त्याला जाचत होते, हे तिला कळू दिले नाही, याचा तो राग होता. तो तिने कुणावर काढायचा? थोड्या वेळाने तिला दुसरीच काळजी लागली. आजारच नव्हता, तर नवस खोटा ठरला की काय? मी झोपेतल्या श्वासाचे, यंत्राचे, पत्नीच्या वीस अंकांचे सांगितले. तिने ते लक्ष देऊन ऐकले आणि पदर सावरत निर्णय दिला, “मग आजारच हुता की त्यो.” वैद्यकशास्त्राचेही म्हणणे तेच आहे, पण ते पटवून घ्यायला मला स्वतःला वीस वर्षे लागली, तिला जोतिबाच्या कट्ट्यावर पाच मिनिटे पुरली.

पुढच्या यात्रेला तिने मला बारक्या पोरांच्या पंगतीत बसवले. लहान ताटली, पांढऱ्या रश्श्यात कुस्करलेली अर्धी भाकरी, बारीक हाताने केलेला खिमा. मोठ्यांच्या पंगतीतून कुणी ‘अहो, एवढंच?’ म्हणत पुढे सरसावला, की ती पळी उगारून त्याला मागे पाठवी. आबा दूध कट्ट्याची गोष्ट सांगतच होते. आता तिला माझ्या ऑपरेशनचे शेपूट जोडले गेले होते आणि त्यात डॉक्टरांनी बादलीभर जठर काढल्याचे येत होते. मी दुरुस्त केले नाही. हल्ली मी ९२ किलो आहे. चढलेल्या चार किलोंसाठी मी बासुंदीला आणि स्वतःला दोष देतो. थोरल्या आईला मात्र मी जरा माणसात आलेला दिसतो.

गेल्या वर्षी एका रात्री साडेअकराला आमच्या भावकीतल्या एका पुतण्याचा फोन आला. वय २६, उंची ५ फूट ८ इंच, वजन ११८ किलो, वर्षभरापासून शुगर. गावात हल्ली त्याला ‘पैलवान’ म्हणतात. “काका, कुणाला बोलू नका, आबांना तर अजिबात नको,” अशी सुरुवात करून त्याने विचारायला घेतले. आम्ही फोनवरच त्याच्या बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणाऱ्या आकड्याचा, हिशेब केला, तो ३९च्या पुढे निघाला. या शस्त्रक्रियेसाठी आपल्याकडचे डॉक्टर आशियाई बांध्याला ३७.५, आणि मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५ ही मर्यादा अनेक वर्षे धरत आले आहेत. २०२२च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ती आशियाई लोकांसाठी २७.५पर्यंत खाली आणली. विमा कंपन्या मात्र ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, हेच धरून बसतात. तेव्हा शुगरचे जुने रिपोर्ट जपून ठेव, असे मी त्याला सांगितले. खर्च, टाके, रजा, गोळ्या हे सगळे तो विचारील म्हणून मी तयारीत होतो. त्याने ते एका दमात ऐकून घेतले आणि मग खरा प्रश्न विचारला.

“काका, यात्रेला काय करायचं?”

मी कपाटावरचे कॅलेंडर काढले, चष्मा लावला आणि यात्रेच्या तारखेपासून आठवडे उलटे मोजायला लागलो.